मात्रा आणि मर्यादा, लेखांक ७ : पोटॅशियमच्या एका अँप्युलचा हिशेब

साठ किलो वजनाच्या प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३,००० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते आणि त्यातील जवळजवळ ९८ टक्के पेशींच्या आत साठवलेले असते. मिलिइक्विव्हॅलंट हे क्षारांचे विद्युतभारित कण मोजण्याचे एकक असून पोटॅशियमच्या बाबतीत एक मिलिइक्विव्हॅलंट म्हणजे वजनाने सुमारे ३९ मिलिग्रॅम. पेशींच्या बाहेर, म्हणजे रक्तातील द्रवभागात आणि पेशींच्या भोवतालच्या पाण्यात मिळून, साठ मिलिइक्विव्हॅलंटच्या आसपासच पोटॅशियम उरते, आणि प्रयोगशाळेच्या अहवालात लिटरला ३.५ ते ५ असा जो आकडा येतो तो या बाहेरच्या दोन टक्क्यांचाच असतो. त्यातूनही केवळ रक्तद्रव, म्हणजे रक्तपेशी वगळून उरणारा पिवळसर द्रव, विचारात घेतला, तर तो अशा माणसात अडीच लिटरच्या आसपास भरतो आणि लिटरला चार या हिशेबाने त्यात अवघे दहा मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. भारतातील रुग्णालयांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या पोटॅशियम क्लोराइडच्या दहा मिलिलिटरच्या एका अँप्युलमध्ये मात्र वीस मिलिइक्विव्हॅलंट असते. बोटाच्या दोन पेरांएवढ्या त्या अँप्युलमध्ये माणसाच्या संपूर्ण रक्तद्रवातील पोटॅशियमच्या दुप्पट पोटॅशियम भरलेले आहे, हे एकदा ध्यानात आले की या औषधाविषयीचे बहुतेक सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप उलगडतात.

तेवढेच वीस मिलिइक्विव्हॅलंट दहा टक्के तीव्रतेच्या पातळ औषधाच्या पंधरा मिलिलिटरमध्येही असते आणि ते औषध पेलाभर पाण्यात मिसळून रुग्ण रोज दोन-तीन वेळा पितो, तरी त्याचे हृदय थांबत नाही. आतड्यातून शोषण सावकाश होते, शोषलेले पोटॅशियम इन्सुलिनच्या प्रभावाने स्नायूंच्या आणि यकृताच्या पेशींत शिरते आणि जास्तीचे मूत्रपिंडे काही तासांत बाहेर टाकतात. शिरेतून एकदम सोडलेल्या पोटॅशियमला मात्र यातला एकही टप्पा लागत नाही. ते काही सेकंदांत हृदयाच्या उजव्या कप्प्यांत, तेथून फुप्फुसांतून फिरून डाव्या कप्प्यांत आणि हृदयाच्या स्वतःच्या रोहिणीत पोहोचते. म्हणून पोटॅशियमच्या बाबतीत किती दिले या प्रश्नाआधी ते कोणत्या वाटेने आणि किती वेगाने दिले, हा प्रश्न विचारावा लागतो.

पेशीच्या आत इतके पोटॅशियम आणि बाहेर इतके थोडे, हा फरक आपोआप टिकत नाही. डेन्मार्कमधील आर्हुस येथे येन्स स्को यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना १९५७ साली एका विकराचा शोध प्रसिद्ध केला. पेशीपटलात बसवलेला हा विकर दर फेरीत तीन सोडियम कण बाहेर ढकलतो आणि दोन पोटॅशियम कण आत ओढतो. या सोडियम-पोटॅशियम पंपाच्या शोधाबद्दल स्को यांना १९९७ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पेशीपटलाच्या दोन बाजूंमध्ये जो विद्युतदाब असतो, तो मुख्यतः आतल्या आणि बाहेरच्या पोटॅशियमच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. आतल्या १४० मध्ये दहा-वीसची भर पडली किंवा घट झाली तरी गुणोत्तर फारसे हलत नाही, पण बाहेरच्या चारचे आठ झाले तर ते निम्म्यावर येते. हृदयाच्या पेशी मग पुरेशा सावरत नाहीत, ठोक्याची लहर मंदावते, ईसीजीवरील टी लहर तंबूच्या शिखरासारखी उंच आणि टोकदार होते, पुढे क्यूआरएस हा भाग रुंदावत जातो आणि शेवटी हृदय निष्फळ थरथरू लागते किंवा पूर्ण थांबते. हा क्रम नेहमी पायरीपायरीने दिसेलच असे नाही, आणि पहिलेच लक्षण हृदय थांबणे हे असू शकते.

हृदयाला क्षारांचा समतोल किती काटेकोर लागतो, हे सिडनी रिंगर यांनी लंडनमध्ये बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखवले. १८८२ मध्ये मिठाच्या पाण्यात हृदय दीर्घकाळ धडधडत राहते, असा निष्कर्ष त्यांनी मांडला, आणि नंतर ते द्रावण शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात केलेले होते, असे त्यांच्या लक्षात आले. शुद्ध पाण्यातील मिठावर हृदय लवकरच बंद पडत होते. नळाच्या पाण्यातील कॅल्शियम ते चालू ठेवत होते आणि कॅल्शियमने आखडणारे हृदय सैल पडण्यासाठी पोटॅशियमचा अंश लागत होता. स्वतःचा आधीचा निष्कर्ष चुकीचा ठरवणारा पुढचा निबंध त्यांनी १८८३ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केला, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात आदराने नोंदवण्याजोगी आहे. त्यांच्या द्रावणात १९३२ च्या सुमारास अलेक्सिस हार्टमन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी लॅक्टेट घातले, आणि आज ज्याला दवाखान्यात ‘आरएल’ म्हणतात ती बाटली तयार झाली. तिच्यात लिटरला चार मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे रक्ताइतकेच पोटॅशियम असते. नॉर्मल सलाइनमध्ये सोडियम १५४, क्लोराइड १५४ आणि पोटॅशियम शून्य असते. बोलीत खांबाला टांगलेल्या प्रत्येक बाटलीला सलाइनच म्हणतात, पण चार दिवस जेवण बंद असलेल्या रुग्णाला नुसते नॉर्मल सलाइन चढत राहिले तर त्याचे पोटॅशियम लघवीवाटे जात राहते आणि भरून काहीच येत नाही.

हृदयविकाराच्या औषधांत ही कमतरता सर्वांत महाग पडते ती डिगॉक्सिन घेणाऱ्याला. विल्यम विदरिंग या इंग्लिश वैद्यांनी १७८५ मध्ये डिगॉक्सिनच्या कुळातले औषध देणाऱ्या फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीवर ग्रंथ लिहिला तेव्हाच औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत किती थोडे अंतर आहे, हे त्यांनी सविस्तर नोंदवले होते. संधिवाती तापाने झडप आकुंचित झालेल्या आणि ठोके अनियमित पडणाऱ्या रुग्णांना भारतात आजही डिगॉक्सिन दिले जाते, आणि आठवड्यातील पाच दिवस गोळी, दोन दिवस सुट्टी अशी चिठ्ठी अनेक घरांत आढळते. हे औषध स्को यांनी शोधलेल्या त्याच पंपाला बाहेरच्या बाजूने चिकटते, आणि तेथे त्याची पोटॅशियमशी स्पर्धा असते. रक्तातील पोटॅशियम घटले की स्पर्धक कमी होतो, डिगॉक्सिन अधिक पंपांना पकडते, आणि एरवी योग्य असलेली मात्रा गोळ्यांत काहीही बदल न होता विषारी ठरते. त्याच रुग्णाला पायांवरील सूज उतरवण्यासाठी फ्युरोसेमाइड दिलेले असते आणि ते लघवीवाटे पोटॅशियम काढून टाकत असते. डिगॉक्सिनची बाधा झाल्यावर मळमळ आणि उलट्या होतात, त्यामुळे खाणे सुटते आणि पोटॅशियम आणखी खालावते. अशा वेळी उलट्यांचे कारण पित्त समजून केवळ पित्ताची गोळी देणे धोक्याचे आहे; डिगॉक्सिन चालू असलेल्या माणसाच्या उलटीला ईसीजी आणि रक्ततपासणी झाल्याशिवाय साधी उलटी मानू नये.

उलट दिशेचा धोका अलीकडच्या औषधांनी वाढवला आहे. स्पायरोनोलॅक्टोन, तसेच रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची औषधे मूत्रपिंडातून बाहेर पडणारे पोटॅशियम रोखून धरतात. अशक्त हृदयाच्या रुग्णांत स्पायरोनोलॅक्टोनमुळे मृत्यू कमी होतात, हे दाखवणारा मोठा प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या प्रयोगात मूत्रपिंडे बरीच बिघडलेल्यांना आणि आधीच पोटॅशियम वाढलेल्यांना घेतलेले नव्हते, आणि सहभागींची रक्ततपासणी वेळापत्रकाप्रमाणे होत होती. बाहेरच्या जगात औषध पसरले, तपासण्यांची शिस्त मात्र त्यासोबत पसरली नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात अशा औषधांवरील वृद्ध हृदयरुग्णांत वाढलेल्या पोटॅशियममुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होते, ते २००१ मध्ये ११ झाले. दोष औषधाचा नव्हता. प्रयोगाचा निष्कर्ष उचलताना त्याच्या अटी मागे राहिल्या. घरात याच औषधांच्या जोडीला लो सोडियम मीठ आलेले असते, ज्यात सोडियमच्या बदल्यात पोटॅशियम क्लोराइडच घातलेले असते, आणि अशक्तपणावर उपाय म्हणून रोज शहाळेही सुरू झालेले असते. मोठ्या पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात दहा-पंधरा मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम सहज असते. निरोगी मूत्रपिंडांना त्याचे काहीच वाटत नाही, पण क्रिएटिनिन वाढलेल्या आजोबांच्या बाबतीत गोळ्यांची यादी सांगताना मीठ आणि शहाळेही सांगावे लागते, आणि ते विचारणे ही प्रथम डॉक्टरांची जबाबदारी आहे.

पोटॅशियम खरोखर कमी असेल, रुग्ण तोंडाने घेऊ शकत नसेल किंवा ठोके बिघडू लागले असतील, तेव्हाच शिरेचा मार्ग धरला जातो. अहवालातील आकडा चारवरून तीनवर आला तर शरीराची एकूण तूट साधारण २०० ते ४०० मिलिइक्विव्हॅलंट असू शकते, त्यामुळे ती एका रात्रीत भरण्याची घाई व्यर्थही आहे आणि घातकही. हाताच्या शिरेतून तासाला दहा मिलिइक्विव्हॅलंट ही प्रौढांसाठी नेहमीची मर्यादा आहे. तासाला वीसपर्यंत जायचे तर ईसीजी सतत पडद्यावर हवा आणि शक्यतो मोठ्या शिरेतील नळी हवी. लिटरला चाळीसपेक्षा तीव्र द्रावण हाताच्या शिरेला जाळते, हात ठणकू लागतो. एक अँप्युल ५०० मिलिलिटर सलाइनमध्ये घातल्यास तीव्रता लिटरला सुमारे चाळीस होते. ती बाटली चार तासांत संपवायची, तर वीस थेंबांचा एक मिलिलिटर या सेटवर मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडले पाहिजेत, म्हणजे तासाला पाच मिलिइक्विव्हॅलंट जातात. रुग्णाने कूस बदलल्यावर किंवा नातेवाइकांनी ‘सिस्टर, सलाइन हळू चाललंय’ म्हणून चाकी सैल केल्यावर तीच बाटली अर्ध्या तासात उतरली, तर वेग तासाला चाळीस होतो. इन्फ्यूजन पंप असेल तर तो पहिल्यांदा या बाटलीला लावावा, प्रतिजैविकाला नंतर. पोटॅशियमसाठी ग्लुकोजच्या बाटलीपेक्षा सलाइन बरे, कारण ग्लुकोजने इन्सुलिन स्रवते आणि दिलेले पोटॅशियम पेशींत ओढले जाऊन रक्तातील पातळी काही काळ उलट आणखी घसरते. लघवी पुरेशी होत आहे ना, हे आधी पाहायचे. आणि देऊनदेऊनही आकडा हलत नसेल तर मॅग्नेशियम तपासायचे, कारण ते कमी असताना मूत्रपिंडे पोटॅशियम धरून ठेवू शकत नाहीत.

मिसळण्याची कृती जरा जवळून पाहण्यासारखी आहे. अँप्युलमधील द्रावण सलाइनपेक्षा जड असते. खांबाला टांगलेल्या बाटलीत सुईने ते सोडले की ते तळाशी, नेमके नळीच्या तोंडापाशी, साचते आणि वरवर पाहता एकजीव वाटणाऱ्या त्या पाण्यातून सुरुवातीची काही मिनिटे जवळजवळ निर्भेळ पोटॅशियमच शिरेत उतरत राहते. डोळ्यांना काही दिसत नाही, कारण दोन्ही द्रव पाण्यासारखेच स्वच्छ असतात. म्हणून बाटली खांबावरून काढून, नळी बंद करून औषध घालायचे, बाटली किमान दहा वेळा उलटसुलट करायची, तिच्यावर काय घातले, किती घातले आणि केव्हा घातले याची चिठ्ठी चिकटवायची आणि मगच ती टांगायची. चालू बाटलीत वरून पोटॅशियम कधीही घालायचे नाही.

या औषधाने झालेले मृत्यू बहुतेक वेळा हिशेब चुकल्याने झालेले नाहीत. ते एका अँप्युलऐवजी दुसरे उचलल्याने झाले आहेत. अमेरिकेतील रुग्णालयांचे मूल्यमापन करणाऱ्या जॉइंट कमिशनने फेब्रुवारी १९९८ मध्ये आपले पहिलेच धोक्याचे परिपत्रक याच विषयावर काढले. त्यात तपासलेल्या दहा मृत्यूंपैकी आठांत तीव्र पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत गेले होते, आणि त्या आठांपैकी सहा वेळा ते दुसरेच औषध समजून दिले गेले होते, बहुधा सोडियम क्लोराइड, हेपरिन किंवा फ्युरोसेमाइड. परिपत्रकाचा उपाय साधा होता: वॉर्डातील साठ्यातून ही अँप्युले काढून घ्या. ब्रिटनच्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने २००२ मध्ये तसाच इशारा दिला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेचे जे नऊ उपाय सुचवले त्यांत तीव्र क्षारद्रावणांवरील नियंत्रणाचा समावेश होता. सावध राहा असे बजावण्यापेक्षा चूक घडण्याची जागाच काढून टाकणे, हा या उपायांमागचा विचार आहे. रात्रपाळीत चाळीस खाटांमागे दोन परिचारिका असताना त्यांच्याकडून अखंड सावधपणाची अपेक्षा ठेवणे म्हणजे व्यवस्थेने करायचे काम त्यांच्या डोळ्यांवर ढकलणे होय, आणि अपघातानंतर त्यांनाच दोषी धरणे हा त्याहून मोठा अन्याय आहे.

तालुक्याच्या गावातील वीस खाटांच्या रुग्णालयात तयार पोटॅशियम घातलेल्या बाटल्या किंवा चोवीस तास उघडे औषधभांडार मिळणे अवघड असते, हे खरे आहे. तरीही इंजेक्शनच्या ट्रेमध्ये डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी पोटॅशियमची अँप्युले ठेवण्याची गरज तेथेही नाही. ती वेगळ्या कप्प्यात, कुलपात, लाल चिठ्ठी लावलेल्या डब्यात ठेवता येतात आणि डब्यावर ‘पातळ केल्याशिवाय देऊ नये’ असे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिता येते. केसपेपरवर ‘पोटॅशियम एक अँप्युल शिरेतून’ एवढेच न लिहिता किती मिलिइक्विव्हॅलंट, किती सलाइनमध्ये आणि किती तासांत हे तिन्ही आकडे लिहिण्यास डॉक्टरांना अर्धा मिनिट लागतो. अँप्युल फोडणाऱ्या परिचारिकेने नाव मोठ्याने वाचायचे, दुसऱ्या व्यक्तीने ते स्वतः पाहायचे, आणि बाटलीवर चिठ्ठी चिकटेपर्यंत रिकामे अँप्युल कचऱ्यात न टाकता ट्रेमध्ये बाटलीशेजारीच ठेवायचे.