जुन्या मोटारीचा कार्बोरेटर

पेट्रोल पुरते जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे पंधरापट हवा लागते. गाडी उभी असो वा घाट चढत असो, हे प्रमाण फारसे ढळून चालत नाही. आजच्या मोटारींत ते विद्युत्-यंत्रणा सांभाळते. जुन्या मोटारींत ही जबाबदारी कार्बोरेटरची असे.

उत्तरपाड्याच्या कारखान्यातून 2014 पर्यंत बाहेर पडलेल्या अॅम्बॅसॅडर मोटारीचे उदाहरण घेऊ. तिच्या 1489 घनसेंटिमीटरच्या इंजिनावर एस.यू. जातीचा कार्बोरेटर असे. हा कार्बोरेटर विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील स्किनर बंधूंनी सिद्ध केला. त्यांच्या घराण्याचा व्यवसाय पादत्राणांचा; तेव्हा पहिल्या नमुन्यात चामड्याचा भाता असावा, हे स्वाभाविकच होते. पुढे भात्याची जागा धातूच्या पिस्टनने घेतली. इंजिन जितकी हवा ओढते, तितका हा पिस्टन वर उचलला जातो. त्याच्या बुडाशी बसविलेली निमुळती सुई त्याबरोबर जेटमधून वर सरकते आणि पेट्रोलची वाट रुंदावते.

दुरुस्तीच्या वेळी बॅटरीची तार आधी सोडवावी, कारण पेट्रोल सांडतेच. पिस्टन आणि त्यावरील घुमटाकार कक्ष ही जोडी एकमेकांसाठीच घडविलेली असते. एकाचा पिस्टन दुसऱ्याच्या कक्षात घालू नये, आणि दोहोंपैकी कशालाही पॉलिश-कागद लावू नये. पेट्रोलने भिजविलेले फडके पुरे. जेटचे भोक लंबगोल झाले असेल वा सुईवर घासल्याची चकाकी दिसत असेल, तर दोन्ही बदलावीत.

येथवरचे सुटे भाग बाजारातील किटमध्ये मिळतात, आणि बहुतेक दुरुस्त्या येथेच थांबतात. खरा दोष मात्र पुष्कळदा थ्रॉटलच्या दांड्यात असतो. वर्षानुवर्षे फिरून दांडा व त्याची भोके झिजतात, फटीतून जादा हवा शिरते, आणि इंजिन मंद गतीवर स्थिर राहत नाही. मग मिस्त्री मिश्रण दाट करून वेळ निभावतो. त्याचा भुर्दंड मालकाला पेट्रोलच्या खर्चात भरावा लागतो. दांडा धरून हलविल्यास खिळखिळा वाटला, तर भोके मोठी करून नवे बुश बसविण्याखेरीज इलाज नाही.

अलीकडे आणखी एक अडचण आली आहे. 2025 पर्यंत देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण सुमारे 20 टक्क्यांवर गेले. जुन्या जातीचे रबर त्याने फुगते वा चिरते, म्हणून नळ्या व वॉशर इथेनॉल सोसणारे घ्यावेत. नळीची चीर गरम इंजिनाजवळ असेल, तर ती आगीला निमंत्रण ठरते.

जोडणी करताना सुई जेटच्या बरोबर मध्यावर यावी लागते. पिस्टन उचलून सोडला की तो 'टक्' असा स्वच्छ आवाज करून खाली बसला पाहिजे. घुमटाच्या नळीत पातळ तेल घालतात. ते वंगण आहे असा समज आढळतो. वस्तुतः ते पिस्टनचे वर जाणे किंचित रोखते आणि त्यामुळे वेग घेताना मिश्रण क्षणभर दाट होते.

अखेरची पारख इंजिन गरम झाल्यावर करावी. पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलावा. इंजिनाची गती वाढून वाढलेलीच राहिली, तर मिश्रण दाट आहे. इंजिन बंद पडू लागले, तर ते विरळ आहे. गती किंचित चढून लगेच पूर्ववत झाली, की जेटच्या नटाला पुन्हा हात लावू नये.