झाडांनी जपलेली दुष्काळाची नोंद

मे १६०७ मध्ये इंग्लंडहून आलेल्या १०४ पुरुषांनी व मुलांनी उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात, जेम्स नदीच्या काठी वस्ती केली. तिचे नाव जेम्सटाउन. अमेरिकेत टिकून राहिलेली इंग्रजांची ही पहिली वसाहत होय. परंतु जानेवारी १६०८ मध्ये या १०४ जणांपैकी जेमतेम ३८ जण जिवंत होते!

एवढी माणसे कशाने दगावली? वसाहतीचा एक पुढारी जॉन स्मिथ याने आपल्या सोबत्यांच्या आळसाला दोष दिला. आलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक अंगमेहनतीची सवय नसलेले खानदानी गृहस्थ होते, हे खरे. पण खरा शत्रू त्यांच्या पेल्यातच होता.

स्पॅनिश जहाजांपासून संरक्षण व्हावे म्हणून त्यांनी नदीतील एक सखल, दलदलीची जागा निवडली. तेथपर्यंत समुद्राची भरती पोहोचते. पावसाळी दिवसांत वरून येणारे गोडे पाणी खाऱ्या पाण्याला मागे लोटते. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह क्षीण झाला, की खारे पाणी आत शिरते. शिवाय नदीत टाकलेली घाण समुद्रात वाहून न जाता भरती-ओहोटीबरोबर तेथेच मागेपुढे हेलकावत राहते. भरतीच्या वेळी पाणी खारट, तर ओहोटीच्या वेळी गाळ व घाणीने भरलेले असे, असे जॉर्ज पर्सी या वसाहतवाल्याने लिहून ठेवले आहे. हगवण, विषमज्वर आणि पाण्यातील मीठ यांनी अनेकांचा बळी घेतला असावा, असे तज्ज्ञ मानतात.

तो काळ नेहमीपेक्षा कोरडा होता काय? याचे उत्तर झाडांनी दिले. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते. पाऊस चांगला झाला तर वलय रुंद, अवर्षण पडले तर अरुंद. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी बारीक कांडी काढली, तर झाड न तोडताही ही वलये मोजता येतात. त्या प्रदेशातील बाल्ड सायप्रस या दीर्घायुषी वृक्षांच्या वलयांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. १६०६ ते १६१२ ही सात वर्षे मागील ७७० वर्षांतील सर्वांत कोरडी होती, असे त्यात आढळले. इंग्रज आले ते नेमके या दुष्काळात!

दुष्काळाने केवळ पाणीच बिघडले नाही. तेथील मूळ रहिवासी पोहॅटन लोक मका पिकवीत. त्यांचेही पीक बुडत असताना हे पाहुणे धान्य मागू लागले, प्रसंगी बळाने घेऊ लागले. वैर पेटले. १६०९-१० च्या हिवाळ्यात पोहॅटनांनी किल्ल्याला वेढा घातला. आतील सुमारे ३०० माणसांपैकी ६० च्या आसपास वाचली. २०१२ मध्ये उत्खननात सापडलेल्या एका १४ वर्षांच्या मुलीच्या कवटीवर सुरीचे घाव दिसतात. भुकेल्यांनी प्रेतेही खाल्ली, या जुन्या नोंदींना त्यामुळे पुष्टी मिळाली.

माणसांनी लिहिलेल्या इतिहासात दोष माणसांच्याच माथी मारला गेला. पावसाची बाजू मात्र झाडांनी आपल्या खोडात नोंदवून ठेवली होती. ती वाचायला आपल्याला चारशे वर्षे लागली, इतकेच.