आधी सही, मग अक्षता

मुलगी पुण्याची, मुलगा फ्रान्समधल्या ल्योंचा. दोन्ही घरचे राजी आहेत आणि मुलीकडच्यांनी मंगल कार्यालयांत चौकशीही सुरू केली आहे. अशी घरे आता आपल्या ओळखीपाळखीत सहज सापडतात. त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे, की मुहूर्त धरण्याआधी हे लग्न कोणत्या कायद्याखाली लागणार ते ठरवा.

हिंदू विवाह कायदा, १९५५ हा वधू-वर दोघेही हिंदू असतील तरच लागू होतो. बौद्ध, जैन आणि शीख कायद्याच्या लेखी त्यातच येतात. मुलगा ख्रिस्ती असेल, तर होम-सप्तपदी यथासांग होऊनही या कायद्याखाली लग्न झाले असे होत नाही. देवळात लागलेले आणि पुढे याच कायद्याखाली नोंदवलेलेही एक हिंदू-ख्रिस्ती लग्न सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली शून्यवत ठरवले. नोंदणीचा दाखला असूनही ते वाचले नाही.

अशा जोडप्यासाठी भारतातला सरळ रस्ता म्हणजे विशेष विवाह कायदा, १९५४. ज्या जिल्ह्यात नोटीस द्यायची, तिथे दोघांपैकी एकाचा त्याआधी सलग ३० दिवस मुक्काम हवा. नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. वय, आधीचे लग्न, निषिद्ध नाते अशा कायद्यातल्या अटींवरच हरकत घेता येते. काका-मामांची नाराजी हे कारण चालत नाही. मग तीन साक्षीदारांपुढे, दोघांनाही समजणाऱ्या भाषेत, एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे बोलायचे आणि सह्या करायच्या. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही, तर ती बाद होते. पंधरा दिवसांच्या रजेवर आलेल्या नवरदेवाचे काम एका फेरीत होत नाही, ते यामुळे.

फ्रान्सची बाजूही सांभाळायची आहे. फ्रेंच नागरिकाने परदेशात लग्न करण्याआधी दहा दिवस जाहीर सूचना लावून आपल्या वकिलातीकडून विवाहक्षमतेचा दाखला घ्यायचा असतो आणि लग्नानंतर त्याची फ्रेंच दफ्तरी नोंद करून घ्यायची असते. लग्न फ्रान्समध्येच करायचे, तर ते नगरपालिकेत लागते. चर्चमधला विधी त्यानंतर. तिथे लागलेले लग्न भारतीय दूतावासात परदेशी विवाह कायदा, १९६९ खाली नोंदवता येते. ही नोंद टाळू नका. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड हवे असेल, तर लग्न नोंदवलेले आणि किमान दोन वर्षे टिकलेले असावे लागते.

लग्नाच्या गडबडीत मिळकतीचा विषय कोणी काढत नाही, आणि पुढे सर्वांत जास्त त्रास तोच देतो. विशेष विवाह कायद्याखाली हिंदू मुलीने ख्रिस्ती मुलाशी लग्न केले, की ती एकत्र कुटुंबातून विभक्त झाली असे कायदा मानतो. वारसाहक्क बुडत नाही. मात्र तिच्या मागे तिची मिळकत भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे वाटली जाते. वधू-वर दोघेही हिंदू असतील, तर १९७६ च्या दुरुस्तीमुळे हे दोन्ही नियम लागू होत नाहीत.

फ्रान्समध्ये पतिपत्नींच्या मालमत्तेला कोणता कायदा लागेल, हे दोघांनी स्वतः निवडले नसेल तर लग्नानंतरच्या पहिल्या सामाईक वास्तव्यावरून ठरते. २९ जानेवारी २०१९ पासून झालेल्या लग्नांना युरोपीय संघाचा हा नियम लागू आहे. म्हणजे वरात पुण्यात निघाली आणि संसार ल्योंमध्ये मांडला, तर सहसा फ्रेंच कायदा लागतो आणि लग्नानंतरची कमाई सामाईक धरली जाते. वेगळी व्यवस्था हवी असेल, तर लग्नाआधी तिथल्या नोटरीकडे करार करावा.

म्हणून बिऱ्हाड कुठे करायचे ते आधी ठरवा. दोन्ही देशांतल्या एकेका वकिलाला भेटा, कागद गोळा करा, सह्या उरका आणि मृत्युपत्रही करून ठेवा. मग थाटात लग्न लावा. प्रेमाला कागद लागत नाही हे खरे, पण व्हिसाच्या खिडकीवर, इस्पितळात आणि बँकेत नवरा-बायको असल्याचा पुरावा मागतात. तो लग्नाच्या दिवसापासून दोघांच्या हाती असला पाहिजे.