पंचेचाळीस दिवसांचा जोर, अठरा महिन्यांची चाल

लांब पल्ल्याच्या कामात उत्साह टिकणे माणसाच्या जिद्दीपेक्षा कामाच्या आखणीवर जास्त अवलंबून असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ‘बर्नआउट’ची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटले नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ साचत राहिला आणि त्याची नीट दखल घेतली गेली नाही, की ही स्थिती येते, असे त्या व्याख्येचे सार आहे. बर्नआउटच्या खुणा तीन : अंगातले त्राण जाणे, कामाबद्दल मन विटणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटू लागणे.

तुकड्यातुकड्यांनी केलेल्या मोठ्या कामाचे अभ्यासण्याजोगे उदाहरण सातारा जिल्ह्यात आहे. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेच्या माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. पाणी फाउंडेशनने २०१६ साली तीन तालुक्यांत गावांसाठी जलसंधारणाची ‘वॉटर कप’ स्पर्धा सुरू केली. त्यात कोरेगाव तालुका होता आणि पहिले बक्षीस याच तालुक्यातल्या वेळू गावाने मिळवले. २०१८ साली माणमधले टाकेवाडी पहिले आले. ऐन उन्हाळ्यात, रोजची शेतीभाती आणि गुरेढोरे सांभाळून, गावकऱ्यांनी डोंगरउतारावर हजारो घनमीटर माती हलवली.

हे जमले ते आधीच्या तयारीमुळे. स्पर्धेपूर्वी निवडक गावकऱ्यांना निवासी प्रशिक्षण मिळत असे. काम ‘माथा ते पायथा’ करायचे, म्हणजे आधी डोंगरावरचे सलग समतल चर आणि मग खालचे बांध, हा क्रम त्यांना पक्का ठाऊक असे. चराची रेघ आखून ठेवलेली असली, की टिकाव-फावडे घेऊन आलेल्या माणसाला आज काय करायचे हे विचारावे लागत नाही. आखलेला तुकडा खोदून झाला, की ते काम डोळ्यांना दिसते आणि मोजताही येते. तेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रॅमर या संशोधकांनी २३८ कर्मचाऱ्यांच्या सुमारे बारा हजार दैनंदिन नोंदी तपासून २०११ साली हाच निष्कर्ष मांडला : अर्थपूर्ण कामात थोडी का होईना पण रोज दिसणारी प्रगती, यासारखे दुसरे बळ नाही. कार्यालयातल्या अनेक प्रकल्पांत नेमके हेच नसते. सहा महिन्यांनंतरची तारीख सगळ्यांना पाठ असते, पण आज संध्याकाळी काय पुरे व्हायचे हे कोणालाच सांगता येत नाही.

उत्साह सर्वांत जास्त ढासळतो तो मधल्या टप्प्यात. सुरुवातीची नवलाई संपलेली असते आणि शेवट अजून नजरेत आलेला नसतो. २०१८ची स्पर्धा ८ एप्रिल ते २२ मे अशी पंचेचाळीस दिवसांची होती. त्यात १ मे, महाराष्ट्र दिनाचे महाश्रमदान चोविसाव्या दिवशी, म्हणजे जवळजवळ मध्यावर आले. शहरांतून आलेले ‘जलमित्र’ स्वयंसेवक त्या दिवशी गावकऱ्यांच्या बरोबरीने राबले. बाहेरच्या माणसाने येऊन काम पाहावे, हात लावावा, याचे मोल अशा वेळी फार असते. मध्यावर येणारा असा दिवस कोणत्याही मोठ्या कामात मुद्दाम राखून ठेवावा.

पंचेचाळीस दिवसांचा जोर वर्षभर टिकत नाही आणि टिकावा अशी अपेक्षाही चूक आहे. तो झेपतो, कारण त्याचा शेवट आधीच ठरलेला असतो. वॉटर कपनंतर २०२० साली आलेल्या ‘समृद्ध गाव’ स्पर्धेची मुदत दीड वर्षाची ठेवली गेली. पाण्याचा ताळेबंद, मातीची सुपीकता, कुरणे, झाडे ही कामे ऋतूंच्या गतीने होतात, ती महिना-दीड महिन्यात उरकता येत नाहीत. कामाचा स्वभाव बदलला, तशी चालही बदलली.

विश्रांतीचा धडा सातारा-सांगली पट्ट्यातल्या साखर कारखानदारीत रुळलेला आहे. गळीत हंगामात कारखाना रात्रंदिवस तिन्ही पाळ्यांत चालतो. हंगाम संपला, की रोलर, बॉयलर, टर्बाइन यांची देखभाल-दुरुस्ती सुरू होते. ती टाळून पुढच्या मोळीपूजनाचा विचार कोणताही चीफ इंजिनिअर करणार नाही. माणसांच्या बाबतीत मात्र एक प्रकल्प संपला, की दुसऱ्याच दिवशी नवा हाती देण्याची पद्धत पडली आहे.

सांगली जिल्ह्यातल्या येरळा नदीवरचे बळीराजा स्मृती धरण आणखी एक गोष्ट दाखवते : न्याय्य वाटणीचे मोल. १९८०च्या दशकात बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या पुढाकाराने, वाळूविक्रीचे पैसे आणि श्रमदान यांच्या बळावर ते उभारले. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता प्रत्येक कुटुंबाला समान द्यायचे, हे त्यामागचे तत्त्व होते. क्रिस्टिना मास्लाक आणि मायकेल लायटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली बर्नआउटची सहा मुळे सांगितली. कामाचा बोजा हे त्यातले केवळ एक. बाकीची पाच म्हणजे अधिकाराचा अभाव, अपुरा मोबदला, तुटलेला सहवास, अन्याय आणि मूल्यांची विसंगती. फळाची वाटणी न्याय्य नसेल, तर कमी काम करूनही माणूस विटतो.

म्हणून थकलेल्या सहकाऱ्याला जिद्दीचे व्याख्यान देण्याआधी वरिष्ठांनी त्याच्या कामाची आखणी तपासावी : रोजचा तुकडा ठरला आहे का, शेवटची तारीख खरी आहे का, नंतरची विश्रांती कागदावर आहे का आणि श्रेयात त्याचा वाटा आहे का.