विश्लेषण : व्हीपीएन ‘कनेक्टेड’, तरीही मोठी फाइल का अडकते?

क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगावसारख्या गावांतून पुण्या-मुंबईच्या कार्यालयांची कामे घरबसल्या करणारे अनेक जण आहेत. त्यांच्या ओळखीची ही तक्रार. व्हीपीएन जोडले जाते, मेल उघडतो, एक पानी पत्र क्षणात जाते. मात्र ४० एमबीची फाइल पाठवली की आकडा पुढे सरकत नाही. मग मोठा प्लॅन घेतला जातो किंवा व्हीपीएन बंद करून फाइल भलत्याच मार्गाने पाठवली जाते. पण दोष अनेकदा वेगात नसतोच.

नेमके कुठे अडते?

इंटरनेटवर फाइल ‘पॅकेट’ नावाच्या छोट्या तुकड्यांत जाते. पॅकेटच्या कमाल आकाराला ‘एमटीयू’ म्हणतात. इथरनेटवर तो सहसा १५०० बाइट असतो. युजरनेम-पासवर्डने सुरू होणाऱ्या अनेक फायबर जोडण्यांत ‘पीपीपीओई’ पद्धतीमुळे त्यातले ८ बाइट खर्ची पडतात आणि १४९२ उरतात. व्हीपीएन प्रत्येक पॅकेट कूटबद्ध करून त्यावर आणखी वेष्टन चढवते. ‘वायरगार्ड’मध्ये हे वेष्टन ६० ते ८० बाइटचे असते. वेष्टनासह पॅकेट वाटेपेक्षा मोठे झाले की ते अडते. रेल्वेच्या भुयारी मार्गातून दुचाकी सहज निघते, पण वरपर्यंत रचलेली उसाची ट्रॉली अडते, तसेच हे.

मग ‘कनेक्टेड’ कसे दिसते?

ओळख पटवताना होणारी देवाणघेवाण बहुतेक छोट्या पॅकेटची असते. मोठी फाइल सुरू झाली की पॅकेट पूर्ण भरून निघतात आणि अडचण तेव्हाच उघड होते.

पाठवणाऱ्याला हे कळत का नाही?

‘पॅकेट मोठे आहे, लहान करून पाठवा’ असा निरोप वाटेतल्या राउटरने ‘आयसीएमपी’ या प्रकारच्या संदेशाने देणे अपेक्षित असते. ही पद्धत १९९० पासून लिखित मानकात आहे. मात्र काही ठिकाणी सुरक्षेच्या नावाखाली फायरवॉलमध्ये असे संदेश सरसकट अडवले जातात. निरोप न मिळाल्याने पाठवणारा संगणक तेवढेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

कारण ओळखायचे कसे?

छोटी फाइल दर वेळी जाते आणि मोठी सुरुवातीलाच थांबते, तर एमटीयूचा संशय घ्यावा. दर वेळी वेगळ्या टप्प्यावर तुटत असेल, तर सिग्नल तपासावा. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात किंवा प्रवासात टॉवर बदलताना हे घडू शकते. ठरावीक आकारालाच थांबत असेल, तर पलीकडची जागा संपलेली असू शकते किंवा तेथे आकाराची मर्यादा असू शकते. फोनची स्क्रीन बंद होताच थांबत असेल, तर बॅटरी बचतीची सेटिंग पाहावी. घरच्या वाय-फायवर अडणारी फाइल मोबाइल डेटावरून गेली, तर घरच्या जोडणीकडे लक्ष द्यावे.

उपाय काय?

व्हीपीएन ॲपमध्ये एमटीयूचा रकाना असेल, तर मूळ आकडा लिहून ठेवून तो थोडा कमी करावा. वायरगार्डमध्ये सहसा १४२० असतो. १३८० आणि गरज पडल्यास १२८० करून पाहता येते. वेगात थोडा फरक पडतो, पण फाइल पोहोचते. कंपनीच्या संगणकावर हा बदल परस्पर करू नये. आयटी विभागाला ‘नेट स्लो आहे’ एवढेच न सांगता ‘छोटी फाइल जाते, मोठी अडते, एमटीयू तपासा’ असे कळवावे. असा दोष सर्व्हरच्या बाजूने एकदाच दुरुस्त केला, तर सर्वांचाच प्रश्न सुटतो.

अर्धवट फाइल पहिल्यापासून पाठवण्याचीही नेहमी गरज नसते. ‘फाइलझिला’ आणि ‘विनएससीपी’मध्ये, सर्व्हरची साथ असल्यास, थांबलेल्या जागेपासून पुढे पाठवता येते. शेवटी दोन्हीकडचा फाइलचा आकार बाइटमध्ये जुळतो का, हे पाहावे.

काय टाळावे?

घाईत व्हीपीएन बंद करून ग्राहकांची किंवा पगाराची माहिती खासगी चॅटवर पाठवू नये. सर्व्हरची ओळख बदलल्याचा इशारा आला, तर खात्री होईपर्यंत ‘होय’ दाबू नये. इंटरनेटवर शोधलेल्या अनोळखी ‘कस्टमर केअर’ क्रमांकाच्या सांगण्यावरून स्क्रीन शेअर करणारे ॲप घेऊ नये. अशातून पैशांची फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तातडीने तक्रार करावी.