साक्ष कोणाची, सही कोणाची? अमेरिकन साहित्यातल्या तीन संज्ञा

अमेरिकन साहित्याचा पेपर म्हटला की संज्ञांची यादी आलीच. मुलं ती पाठ करतात, परीक्षेत उतरवतात आणि विसरून जातात. म्हणून आज तीनच संज्ञा घेऊ, आणि त्या आपल्या पंढरपुरात लावून बघू.

पहिली संज्ञा गुलामकथन. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ मध्ये. त्याआधी पळून आलेल्या किंवा मुक्त झालेल्या अनेक कृष्णवर्णीयांनी आपली हकीकत सांगितली, लिहिली. तिला गुलामकथन म्हणतात. फ्रेडरिक डग्लस यांचं १८४५ चं पुस्तक त्यातलं सर्वांत प्रसिद्ध. त्याच्या शीर्षकातच म्हटलंय की हे त्यांनी स्वतः लिहिलेलं आहे. आता बघा, आपण आत्मचरित्रावर 'स्वतः लिहिलेले' असं छापतो का? नाही. इथं छापावं लागलं, कारण दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता. मग गुलाम पुस्तक लिहितो यावर विश्वास कोण ठेवणार?

यातूनच दुसरी संज्ञा येते : साक्षांकन. दाखल्याची साक्षांकित प्रत तुम्हाला माहीत आहे. तसंच हे. डग्लसच्या पुस्तकाला विल्यम लॉइड गॅरिसन यांची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्स यांचं पत्र जोडलेलं आहे. दोघेही गोरे. हॅरिएट जेकब्स यांचं पुस्तक १८६१ मध्ये टोपणनावाने आलं, संपादक म्हणून लिडिया मारिया चाइल्ड या गोऱ्या लेखिकेचं नाव होतं. पुढे पुष्कळ अभ्यासकांनी ते कादंबरी समजून बाजूला ठेवलं. जीन फेगन येलिन यांनी पत्रव्यवहार तपासून जेकब्स याच लेखिका असल्याचं सिद्ध केलं, ते १९८० च्या दशकात. शंभराहून अधिक वर्षं गेली!

आता महाद्वारापाशी या. नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. ज्यांना देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्यांनी अभंगात मात्र आपलं नाव घातलं. आपण त्याला नाममुद्रा म्हणतो. ही कवीची सही. सोयराबाई काय करतात? त्या स्वतःला बहुधा 'चोख्याची महारी' म्हणवतात. सहीतच नवरा आहे, जात आहे. आणि साक्षांकन? जनाबाईंच्या नावावरच्या एका अभंगात कोणत्या संताचे अभंग कोण लिहून घेई याची यादी येते. तिथं चोखोबांचा लेखक अनंतभट्ट. म्हणजे शब्द एकाचे, लेखणी दुसऱ्याची. अर्थात फरकही ध्यानात ठेवा. डग्लस वाचकाला पटवतोय, गुलामगिरी मोडा म्हणतोय. चोखोबा विठ्ठलाशीच बोलतात. तेव्हा अभंगाला सरळ 'गुलामकथन' म्हणणं चूक ठरेल. संज्ञेने प्रश्न विचारावा, शिक्का मारू नये.

तिसरी संज्ञा दुहेरी जाणीव. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९०३ च्या पुस्तकात ती मांडली. आपल्याला तुच्छ लेखणाऱ्याच्या नजरेतून स्वतःकडे बघत राहणं, आणि त्याच वेळी आपली स्वतःची नजरही शाबूत असणं. चोखोबांच्या काही अभंगांत हीन जन्म पूर्वकर्माचं फळ मानलाय, तर काहींत विटाळ नेमका कोणाला, असा रोखठोक सवाल आहे. विद्यार्थी विचारतात, खरे चोखोबा कोणते? ही संज्ञा हाताशी असली की एक आवाज खोटा ठरवावा लागत नाही.

हा पूल नवा नाही बरं का. जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. १९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतलं ते तिथल्या ब्लॅक पँथरवरून. आणि १९७८ चं दया पवारांचं 'बलुतं' उघडून बघा. तिथं दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो, ती शिकल्या-सवरलेल्या दया पवारला. एकाच माणसाची दोन नावं, समोरासमोर. दुहेरी जाणीव यापेक्षा सोपी करून कोण सांगणार?

पुढच्या वेळी येताना कोणतंही एक आत्मकथन वाचून या, आणि त्याला तीन प्रश्न विचारा : बोलतंय कोण? त्याच्या खरेपणाची हमी कोणाकडून मागितली गेली? आणि तो स्वतःकडे कोणाच्या डोळ्यांनी बघतोय? ही उत्तरं वहीत लिहा. व्याख्या आपोआप पाठ होतील.