बरणीतलं आरोग्य की गोठ्यातलं?

अमेरिकेतल्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या वस्त्यांमधून पाहुणे ॲपल बटरच्या बरण्या, मोहरी घातलेलं चाऊ-चाऊ नावाचं आंबटगोड लोणचं आणि मलमाच्या डब्या घेऊन निघतात. घरचं आहे, म्हणजे गुणकारीच, असं त्यांना वाटतं. पण ॲपल बटर म्हणजे सफरचंदाचा गर दालचिनी घालून, तपकिरी होईतो तासन् तास घोटलेला. त्यात साखर बहुधा सढळ हातानं. शू-फ्लाय पाय हा तिथला गोड पदार्थ तर काकवीचाच. चवीला उत्तम, पण औषध नव्हे. आरोग्याचा ठोस पुरावा सापडतो तो गोठ्यात. इंडियानातले आमिश आणि साउथ डकोटातले हटराइट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचे लोक यांची तुलना 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. वंश आणि आहार मिळताजुळता. तरी शाळकरी मुलांत दम्याचं प्रमाण आमिशांत सुमारे 5 टक्के, हटराइटांत 21. हटराइटांची शेती यांत्रिक, आमिश मुलं मात्र गाईघोड्यांजवळ वाढतात. आमिश घरांतल्या सूक्ष्मजीवयुक्त धुळीनं प्रयोगातल्या उंदरांनाही दम्यासारख्या विकारापासून संरक्षण दिलं.

मग घरगुती उपचार टाकाऊच का? तसंही नाही. किरकोळ भाजण्यावर मध उपयोगी पडतो, याला संशोधनाचा आधार आहे. मात्र काही आमिश करतात तसं, खोल भाजलेल्या जखमेवर मधाचं मलम आणि बर्डॉक या वनस्पतीची पानं बांधून घरीच थांबणं मला धोक्याचं वाटतं. आमिश लोक आधुनिक वैद्यक नाकारतात, हा आक्षेपही सरसकट टिकत नाही. पेनसिल्व्हेनियात स्ट्रासबर्गजवळ 1989 मध्ये आमिश आणि मेनोनाइट या त्यांच्या जवळच्या पंथातल्या मुलांच्या आनुवंशिक आजारांसाठी दवाखाना सुरू झाला. त्याची मूळ लाकडी इमारत याच समाजांतल्या लोकांनी उभारली आणि गोधड्यांचे लिलाव करून ते त्याला पैसा पुरवतात.